कोजागिरीचं मसाला दूध : तुमच्या शंका, आमची उत्तरं

आश्विन पौर्णिमा जवळ आली की या सदराकडे मसाला दुधाची पत्रं यायला लागतात. यंदाही आली. विचारणा बहुतेकांची मसाल्याबद्दल आहे; बिघडतं मात्र बहुतेक वेळा दूधच. म्हणून पत्रं आली त्या क्रमाने न घेता आधी दुधाची आणि मग मसाल्याची घेतली आहेत.

सोसायटीच्या गच्चीवर २५ जणांसाठी दूध करायचं आहे. दूध, साखर, मसाला किती घ्यावा? गेल्या वर्षी दूध पातळच राहिलं आणि ऐनवेळी कस्टर्ड पावडर लावावी लागली.
(ठाणे)

माणशी १५० मिलिलिटर, म्हणजे नेहमीच्या चहाच्या कपाएवढं धरा. ग्लासभर देण्याच्या भानगडीत पडू नका. दूध आटवलेलं असतं, त्याआधी भेळ, बटाटेवडे झालेले असतात आणि अर्धे ग्लास तसेच राहतात.

त्या हिशेबाने ५ लिटर फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध घ्या. पिशवीवर स्निग्धांश ६ टक्के आणि इतर घनपदार्थ ९ टक्के लिहिलेलं असतं, ते पाहून घ्या. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्केच असतो. तेवढाच दाटपणा यायला ते जवळजवळ निम्मं आटवावं लागतं. म्हणजे गॅस गेला, वेळ गेला आणि चव बासुंदीकडे झुकली ती वेगळीच.

५ लिटरचं ४ लिटर करायचं, त्याहून कमी नाही. साखर ३५० ग्रॅम. मसाल्यासाठी बदाम ६० ग्रॅम, बिनमिठाचे पिस्ते ४० ग्रॅम, काजू २० ग्रॅम, चारोळी २० ग्रॅम, वेलदोडे २० ते २५, पाव जायफळ आणि अर्धा ग्रॅम केशर. साखर आणि मसाला मिळून दूध पुन्हा थोडं वाढतं आणि सव्वाचार लिटरच्या आसपास भरतं. २५ कप भरून दोन-तीन उरतात. उशिरा येणारा एखादा असतोच.

पातेलं निदान ८ लिटरचं, जाड बुडाचं आणि पसरट हवं. उभट डब्यात दूध आटायला फार वेळ लागतो, कारण वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते. दोन पातेली आणि दोन शेगड्या असतील तर दूध वाटून घ्या, काम लवकर उरकतं. एका पातेल्यात मोठ्या बर्नरवर उकळी यायला २५ मिनिटं आणि पुढे आटायला पाऊण तास धरा. मसाला मुरायला हवा तो वेळ निराळा. साडेनऊला दूध द्यायचं असेल तर आठच्या आत ते गॅसवर चढलेलं असावं.

आता दूध पातळ का राहिलं ते. आटलं किती हे डोळ्यांनी ठरवलं की हमखास फसतं. उकळत्या दुधावर फेस असतो, पातळी कळत नाही. दूध थंड असतानाच लाकडी चमच्याचा दांडा पातेल्यात तळापर्यंत सरळ उभा धरा, ओल्या भागाच्या वरच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा आणि ती उंची मोजा. ती १५ सेंटिमीटर असेल तर १२ वर दुसरी खूण. अधूनमधून गॅस बारीक करून फेस बसू द्या आणि दांडा बुडवून बघा. सरळ कडांच्या पातेल्यात हे अचूक येतं. कढईसारख्या भांड्यात नाही येत. तिथे आधी ४ लिटर पाणी ओतून खूण करून घ्यावी.

कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. दूध दाट दिसतं खरं, पण वेलदोडा आणि केशर त्या वासाखाली जातात आणि निवलं की चमचा उभा राहील असं होतं. पाहुणे दारात आहेत आणि दूध पातळ आहे, अशी वेळ आलीच तर १०० ग्रॅम दूध पावडर वाटीभर कोमट दुधात गुठळ्या मोडून घाला, किंवा १५० ग्रॅम ताजा खवा किसून घाला आणि १० मिनिटं उकळा. कन्डेन्स्ड मिल्कही चालतं, पण ४०० ग्रॅमच्या डब्यात निम्म्याच्या जवळपास साखरच असते. एक डबा घातला तर वरची साखर निम्मी करा.

दूध दरवेळी खाली लागतं. सतत ढवळूनही लागतं. करपल्याचा वास कसा घालवावा?
(कराड)

वास जात नाही. जायफळ, वेलदोडा, केवडा, काहीही घाला. त्या सगळ्यांच्या मागून करपट चव येतेच. त्यामुळे लागू न देणं एवढंच हातात आहे.

दूध ७० अंशांच्या पुढे गेलं की त्यातली काही प्रथिनं तळाला चिकटायला लागतात. म्हणजे दूध उकळण्याच्या बरंच आधी, आपण अजून ढवळायला सुरुवातही केलेली नसते तेव्हाच, तळाला पहिला थर बसलेला असतो. पुढचं सगळं त्यावर चढत जातं. तेव्हा ढवळायला पहिल्या वाफेपासून सुरुवात करा. पातेलं आधी पाण्याने विसळा आणि न पुसता त्यात दूध ओता. गॅस पहिली १० मिनिटं मध्यम ठेवा. आणि ढवळायला गोल डाव घेऊ नका. डाव मधल्यामध्ये फिरतो, कडेचा तळ तसाच राहतो. सपाट टोकाचा लाकडी कालथा घ्या आणि तळावरून आडवा-उभा सरकवत न्या, जिथे ज्वाला लागते त्या कड्यावर विशेष.

साखर लवकर घालणं हे दुसरं कारण. साखर घातलेलं दूध फार पटकन करपतं. दूध हवं तेवढं आटल्यावर साखर घालायची आणि पुढे फक्त ५ मिनिटं उकळायचं.

कालथ्याला तळाशी खरखर लागली तर ते खरवडू नका. बहुतेक लोक नेमकं हेच करतात आणि तळाचे तपकिरी तुकडे सगळ्या दुधात पसरवतात. गॅस बंद करा, वरचं दूध हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओता, तळाचं दोन बोटं दूध सोडून द्या आणि मग चव घ्या. थर नुसता पिवळसर असेल तर दूध वाचलेलं असतं. काळपट असेल तर त्याची आशा सोडा.

या वर्षी साखरेऐवजी गूळ घालून बघितला. दूध फाटलं. गूळ भेसळीचा होता का?
(कोल्हापूर)

गुळाला दोष देऊ नका, आणि कोल्हापुरात तर नकोच. चांगला गूळही किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात. ताजं दूध ही आम्लता थंड असताना सोसतं, उकळतं असताना सोसत नाही. त्यात दूध आटवलेलं, म्हणजे त्याची स्वतःची आम्लताही एकवटलेली. उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला की तो जिथे विरघळतो तिथे आंबटपणा एकदम वाढतो आणि तिथूनच दूध फाटायला लागतं.

गुळाचं करायचंच असेल तर ५ लिटरला ३५० ते ४०० ग्रॅम चिरलेला गूळ अर्ध्या वाटी पाण्यात वितळवा, एक उकळी काढा, गाळा आणि निवू द्या. दूधही गॅसवरून उतरवून, पिता येईल इतपत निवल्यावर त्यात हा पाक थोडा थोडा ढवळत घाला. नंतर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती काही घरांत आहे. ती चालते, पण चिमूट जरा मोठी झाली की दुधाला साबणाची चव येते. आमचं मत विचाराल तर गूळ घातल्यावर केशर घालू नका. गुळाच्या वासापुढे ते वाया जातं. गूळ, वेलदोडा आणि सुंठ यांचं मात्र चांगलं जमतं.

गूळ न घालताही दूध नासल्याची तीन पत्रं आहेत (लातूर, पुणे, बेळगाव). त्यांच्यासाठी इतकंच : अनेक पिशव्या एकत्र करताना एक शिळी असली की सगळं दूध जातं. प्रत्येक पिशवीतलं दोन चमचे दूध छोट्या भांड्यात किंवा पळीत उकळून बघा. कण दिसले तर ती पिशवी बाजूला. कालचं उरलेलं दूध नव्यात मिसळू नका. मनुका घालत असाल तर त्या पिताना वरून घाला, उकळताना नाही; मनुकांत चिंचेसारखंच आम्ल असतं. आणि आलं किसून थेट दुधात टाकू नका. कच्च्या आल्यात दूध साखळवणारं विकर (एन्झाइम) असतं. चहात ते चालतं कारण आलं आधी पाण्यात उकळलेलं असतं. मसाला दुधात सुंठच घ्यावी, लिटरला पाव चहाचा चमचा.

मसाला मिक्सरला लावला की त्याचा तेलकट गोळा होतो. विकतच्या मसाल्यासारखा मोकळा कसा करावा?
(नाशिक)

बदाम, पिस्ते, काजू यांच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेल असतं. मिक्सर सलग फिरवला की पातं तापतं, तेल सुटतं आणि पुडीचं लोणी व्हायला लागतं. भाजलेला मेवा गरम असतानाच वाटला तर हे अर्ध्या मिनिटात होतं.

मेवा कोरड्या कढईत मंद आचेवर ३-४ मिनिटं भाजा. रंग बदलायला नको, नुसता गरम होऊन कडकडीत व्हायला हवा. बदाम भिजवून सोललेले असतील तर ते या कामाचे नाहीत, ओल राहते. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या; अर्धा तास लागतो, बोट लावून बघा आणि मधल्या बदामाला लावून बघा. मग मेव्यात दोन मोठे चमचे साखर मिसळा (ती ३५० ग्रॅममधूनच घ्या). साखर सुटणारं तेल धरून ठेवते. मिक्सर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त फिरवायचा नाही. फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. असं सात-आठ वेळा. भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका. बारीक रव्यासारखं दिसलं की पुरे. विकतचा मसाला आणखी बारीक असतो, पण त्याचा हेवा करायचं कारण नाही. दुधात दाताखाली काहीतरी यायला हवं.

वेलदोडे मेव्याबरोबर वाटू नका. दाणे काढून, चमचाभर साखरेसह खलबत्त्यात कुटा. साली चहाच्या डब्यात टाका. चारोळी कुटायचीच नाही. ती अख्खी घालतात, पण आधी चार दाणे चावून बघा. चारोळी फार लवकर खवट होते, आणि खवट चारोळीची चव दुधात विरत नाही. नवी आणलेली पुडीसुद्धा खवट निघते. तसं असेल तर चारोळीशिवाय करा, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तयार मसाला घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे राहतो. फ्रीजरमध्ये तीन महिने. बाटली बाहेर काढली की लगेच उघडू नका, आत दव धरतं. आणि मागच्या कोजागिरीचा मसाला या कोजागिरीला वापरू नका. वास घेऊन बघितलात तर कारण विचारणार नाही.

केशर घालूनही रंग येत नाही. केशर खोटं असावं का? हळद घातली तर चालेल का?
(नागपूर)

आधी परीक्षा करा. पांढऱ्या वाटीत गार पाणी घ्या आणि तीन-चार काड्या टाका. खऱ्या केशराचा रंग हळूहळू उतरतो, १०-१५ मिनिटं लागतात, पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी लालच राहते. टाकताक्षणी लाल रंग सुटला आणि काडी पांढुरकी पडली तर तो रंगवलेला धागा आहे. खरी काडी एका टोकाला कर्ण्यासारखी थोडी पसरट असते. ते टोक नखावर ठेवून बघितलं की कळतं. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे तसा शिक्का असलेली डबी मिळू शकते. स्वस्त केशराच्या मोहात पडण्यापेक्षा कमी केशर घ्या.

केशर खरं असूनही रंग येत नसेल तर ते थेट पातेल्यात टाकलं जात असणार. काड्या वर साय धरते तिथे अडकतात आणि कालथ्याला चिकटून बसतात. अर्धा ग्रॅम केशर जाड तव्याच्या नुसत्या उबेवर (गॅस बंद करून) मिनिटभर ठेवा, म्हणजे कुरकुरीत होतं. मग खलात पाव चमचा साखरेबरोबर चुरडा. ही पूड पाव वाटी गरम, पण न उकळत्या दुधात घालून अर्धा तास झाकून ठेवा. पाच-सहा काड्या अख्ख्या बाजूला ठेवा, वर दिसायला. दुधाचा गॅस बंद केल्यावर हे केशर घाला. रंग उकळीतही टिकतो, पण वास उडून जातो, आणि केशराचे पैसे आपण वासासाठी मोजलेले असतात.

हळद चालते. ५ लिटरला पाव चहाचा चमचा, साखरेबरोबर घालून उकळा म्हणजे कच्चा वास राहत नाही. अर्धा चमचा झाली की हळदीचं दूध होतं, आणि ते सर्दीच्या दिवशी प्यायचं.

जायफळाने झोप येते म्हणतात. रात्रभर जागायचं असेल तर ते घालावं की नाही?
(सांगली)

घालावं. ५ लिटरला पाव जायफळ, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जवळपास. माणशी वाट्याला येतं त्याने कुणी पेंगत नाही. पेंग येते ती जड खाण्याने. पण प्रमाण पाळाच. मध्यम आकाराचं एक जायफळ साधारण ५ ग्रॅमचं असतं. तेवढं किंवा त्याहून जास्त जायफळ एकाच माणसाच्या पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम असा त्रास होऊ शकतो. चवीलाही जास्त जायफळ कडवट आणि उग्र लागतं. तयार पूड वापरू नका. बारीक किसणीवर ऐनवेळी किसा आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला.

मसाल्याचा क्रमही इथेच सांगून टाकतो. मेव्याची पूड आणि चारोळी साखरेबरोबर, म्हणजे पाच मिनिटं उकळतील. वेलदोडा आणि जायफळ अगदी शेवटी. गॅस बंद. केशर. झाकण ठेवून २० मिनिटं मुरू द्या, मग हवं तर गरम करा.

पहिल्या दहा जणांना नुसतं दूध मिळतं आणि शेवटच्या दोघांना नुसता मसाला.
(डोंबिवली)

बदामांतले २० ग्रॅम बाजूला काढा, गरम पाण्यात तासभर भिजवून सोला आणि थोड्या दुधाबरोबर गंधासारखे वाटा. ही पेस्ट दुधाला अंग देते आणि उरलेली पूड लवकर खाली बसत नाही. वाढताना ओगराळं प्रत्येक वेळी तळापर्यंत नेऊन वर आणा. चहाच्या किटलीतून ओतू नका, तोटीत चारोळी अडकते.

इथे ऑक्टोबरात थंडी असते, कोजागिरी मंडळाच्या हॉलमध्येच होते. दूध भारतासारखं दाट होत नाही. शिवाय मुलांना दुकानातला पम्पकिन स्पाइस आवडतो, तो यात घालता येईल का? ४० माणसं असतात.
(न्यू जर्सी)

तिथलं होल मिल्क सव्वातीन टक्के स्निग्धांशाचं असतं. त्यात लिटरला १०० मिलिलिटर हेवी क्रीम (३६ टक्क्यांचं) मिसळलं की मिश्रण सहा टक्क्यांच्या जवळ येतं. हाच आपल्या फुल क्रीमचा आकडा. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरला पावणेदोन कप क्रीम पुरतं. ४० जणांना दोन गॅलन दूध आणि साडेतीन कप क्रीम घ्या. आटवायचं प्रमाण वर दिलंय तेच, साखर आणि मसाला दुप्पट करून थोडा आखडता. दूध होमोजिनाइज केलेलं (स्निग्धांशाचे कण बारीक करून दुधात मिसळलेलं) असल्याने साय पातळ येते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जास्त टिकणारं, अतिउष्णतेवर प्रक्रिया केलेलं दूध मात्र टाळा, त्याला आधीच शिजल्याची चव असते.

हॉलमध्ये दूध गरम ठेवायला कॉफीचा मोठा नळाचा डबा वापरू नका. त्याच्या तापणाऱ्या भागावर दूध करपतं आणि नळात मेवा अडकतो. घरी आटवून, मसाला घालून आणा आणि स्लो कुकर 'वॉर्म'वर ठेवून त्यात ओता. दूध आधीच गरम असलं पाहिजे. गार दूध त्या आचेवर तापेपर्यंत कार्यक्रम संपतो.

पम्पकिन स्पाइसमध्ये दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ असतं. त्यातलं जायफळ तेवढं आपलं. लवंग आणि दालचिनी केशराला उभं राहू देत नाहीत. शिवाय दालचिनीची पूड दुधात विरघळत नाही. ती तरंगते आणि थोड्या वेळाने बुळबुळीत होते. तेव्हा दोन्ही एकाच पातेल्यात नको. मुलांसाठी लिटरभर दूध वेगळं काढा. त्यात बोटभर दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि पाव चमचा सुंठ घालून मंद आचेवर १० मिनिटं ठेवा, गाळा, वर जायफळ किसा. केशर आणि पिस्ते यात घालायचे नाहीत. थंडीच्या रात्री हे दूधही वाईट नाही. फक्त त्याला कोजागिरीचं मसाला दूध म्हणू नका, आजी ओरडतील.

दूध चांदण्यात किती वेळ ठेवावं?
(सातारा)

नैवेद्याची वाटी ठेवा, पातेलं नको. ऑक्टोबरातली रात्र आपल्याकडे अजून उबदार असते. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दुधात जंतू झपाट्याने वाढतात. कोमट दूध दोन तासांहून जास्त उघडं राहिलं तर ते देऊ नये, पुन्हा उकळूनही नाही. त्यात दिव्याभोवतीचे किडे असतात. मोठं पातेलं झाकून मंद आचेवर ठेवा. वाटीवर तलम जाळी टाका, चंद्र तिच्यातूनही दिसतो. वाटीतलं दूध तासाभरात प्रसाद म्हणून संपवा.

घरात दोघांना मधुमेह आहे आणि एका नातवाला पिस्त्याची ॲलर्जी. काय करावं?
(छत्रपती संभाजीनगर)

वरच्या प्रमाणातल्या १५० मिलिलिटरच्या कपात घातलेली साखर १२ ग्रॅम असते आणि दुधाची स्वतःची आणखी ९ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे नुसती साखर वगळली म्हणजे दूध निर्धोक झालं असं नाही, आणि गूळ किंवा खारकेची पूड म्हणजेही साखरच. साखर घालायच्या आधी दूध वेगळं काढा, फार न आटवलेलं असेल तर उत्तम, आणि अर्धा कप द्या. वेलदोडा, केशर थोडं जास्त घातलं की गोडी नसल्याचं कमी जाणवतं. किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

ॲलर्जीचं मात्र हलक्यात घेऊ नका. पिस्ता, काजू आणि चारोळी एकाच कुळातली झाडं आहेत. ज्याला पिस्ता बाधतो त्याला काजू बाधण्याची शक्यता बरीच असते, आणि चारोळीही टाळलेलीच बरी. 'फक्त पिस्ता काढला' एवढ्यावर भागत नाही. त्याचं दूध वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने, फक्त वेलदोडा, केशर आणि साखर घालून करा. मिक्सरच्या ज्या भांड्यात मेवा वाटला त्यात त्याचं काही वाटू नका. दाटपणासाठी दूध पावडर घाला.

याच संदर्भात एक छोटा प्रश्न इंदूरहून आहे : दूध पचत नाही, आटवल्याने पचेल का? नाही. उकळण्याने लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जात नाही, उलट आटवल्यावर कपामागे वाढतं. लॅक्टोजमुक्त दूध मिळतं ते घ्या. ते मुळात जास्त गोड लागतं, साखर पाऊण करा. आणि ते लवकर तपकिरी होतं, आच बारीक ठेवा.

आमच्याकडे शेजारी शरद पूनमला गार दूध-पौंआ करतात. आपल्या मसाला दुधात पोहे घालून चालतील का?
(वडोदरा)

गरम दुधात पोह्यांचा लगदा होतो. त्यांचीच पद्धत बरोबर आहे. दूध उकळून, साखर-वेलदोडा घालून फ्रिजमध्ये गार करा. पातळ नव्हे, जाड पोहे चाळणीत धुऊन निथळा आणि वाढायच्या अर्धा तास आधी दुधात घाला. लिटरला पाऊण वाटी पुरतात, नंतर फुगतात. मसाला निम्मा घाला आणि जायफळ नको. गार दुधात ते कडू लागतं.

उरलेल्या दुधाचं काय करावं? आणि लागलेलं पातेलं कसं घासावं?
(रत्नागिरी)

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं दूध दुसऱ्या दिवशी चालतं. ते आणखी तिसरा हिस्सा आटवा, गार करा आणि साच्यात भरून कुल्फी लावा. साखर थोडी वाढवावी लागते, गारठ्यात गोडी कमी जाणवते. नाहीतर त्यात कणीक भिजवून गोड पुऱ्या करा.

स्टीलच्या पातेल्यात बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून १० मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी लाकडी कालथ्याने थर सोडवा. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, पातेलं काळं पडतं. त्यात चिंचेचं पाणी उकळा.